चेतकचा जुना रंग उतरवणं: प्रकल्प नोंदी

गाडी: बजाज चेतक, ऐंशीच्या दशकातली, आकुर्डीत बनलेली. इंजिन उतरवून वेगळं ठेवलं आहे. या नोंदी फक्त रंग काढण्याच्या, उघड्या धातूवर प्रायमर बसेपर्यंतच्या.

८ एप्रिल २०२५

रिमूव्हरचा (रंग सोडवणाऱ्या रसायनाचा) डबा उघडण्याआधी गाडीच्या अंगावर काय काय चढलंय ते बघितलं. डाव्या पॅनलच्या खालच्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर आधी २२० चा, मग ४०० चा वॉटर पेपर पाण्यासकट फिरवला. थर एकात एक वर्तुळांसारखे उघडे पडले: वर मरून, त्याखाली राखाडी सरफेसर (पृष्ठभाग सपाट करणारा थर), मग पांढरा, मग फॅक्टरीचा निळा, शेवटी फॅक्टरीचं प्रायमर आणि पत्रा.

कुठला रंग कुठल्या जातीचा हे थिनरने कळतं. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा प्रत्येक वर्तुळावर मिनिटभर दाबून धरला. मरूनला काहीच झालं नाही, म्हणजे हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन). पांढरा कापसाला लागून आला, म्हणजे साधा एनसी लॅकर. निळा फक्त कडेला किंचित नरमला. तो भट्टीत भाजलेला इनॅमल. ही माहिती पुढे उपयोगी पडते. कॉस्टिक सोडा तेलावर बेतलेला अल्किड इनॅमल साबण करून सोडवतो, पण पीयूवर त्याचं फारसं चालत नाही.

मग लोहचुंबक, पत्र्यावर चरा जाऊ नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेला. पुढच्या शोवर (पायांसमोरच्या उभ्या पत्र्यावर) उजवीकडे तळहाताएवढ्या भागात तो धरतच नाही. तिथे लांबी (खड्डे भरायची पुटी) आहे आणि ती जाड आहे. हा भाग खडूने आखून ठेवला. लांबीच्या खाली काय निघेल ते आत्ता सांगता येत नाही, त्यामुळे तिथलं काम सगळ्यात शेवटी.

जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या-लाल छटांत आणि जुन्या प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. शिशाची ९० पीपीएमची मर्यादा भारतात २०१७ पासून लागू झाली, तीही घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. जुन्या गाडीचा रंग शिशाचा आहे असंच धरून चालायचं. म्हणून या कामात सुका पॉलिश पेपर कुठेही नाही. घासायचं ते पाणी मारून. डिस्क चालवताना पी१०० फिल्टरचा मास्क, आणि काम झालं की कपडे वर्कशॉपमध्येच उतरवायचे.

९ एप्रिल

सुटे भाग तीन क्रेटमध्ये विभागले. वाटणी रंगावरून नाही, धातूवरून केली आहे, कारण पद्धत धातू ठरवतो.

पहिल्यात जाड लोखंड: दोन्ही रिमचे अर्धे भाग, स्टेपनीचं ब्रॅकेट, कॅरिअर. दुसऱ्यात पातळ पत्रा: दोन्ही साइड पॅनल आणि पुढचं मडगार्ड. तिसऱ्यात ॲल्युमिनियम: हँडलचं हेडसेट, पुढचा हब, ब्रेक प्लेट. चेसिस आणि फोर्क वेगळे. ओळखीचा भाग असला तरी चुंबक लावूनच क्रेटमध्ये टाकायचा. पुण्यातल्या नाना पेठेतून बदलून आणलेले भाग मूळ धातूचेच असतील याची खात्री नसते.

जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट आणि स्प्रिंगा या तिन्हींत नाहीत. कॉस्टिकमध्ये जस्त विरघळतं. आणि कडक केलेली स्प्रिंग ॲसिडमध्ये टाकली की पोलादात हायड्रोजन शिरतो. ती बाहेरून धड दिसते, पण पुढे भार आला की तुटते. स्प्रिंगा रॉकेलने धुऊन हातानेच ब्रश करायच्या.

अजून एक नियम ठरला: एका दिवसात जितक्याला प्रायमर लावता येईल तितकाच पत्रा उघडा करायचा. सगळी गाडी एकदम खरवडून ठेवली की पहिल्या भागावर गंज चढेपर्यंत शेवटचा भाग साफ होत असतो.

१२ एप्रिल

साइड पॅनल आणि मडगार्ड, रिमूव्हरने.

बाजारातले झटपट चालणारे रिमूव्हर बहुतेक मिथिलीन क्लोराइडचे. ते सुमारे ४० अंशांना उकळतं, आणि पुण्यात एप्रिलची दुपार त्याच आकड्याच्या आसपास असते. उन्हातल्या पॅनलवर लावलेला रिमूव्हर रंगात शिरण्याआधीच उडून जातो. रंग जरा सुरकुततो आणि परत घट्ट बसतो. म्हणून काम सकाळी साडेसहा ते नऊ, सावलीत, मोकळ्या आवारात. डबा आधी अर्धा तास गार पाण्याच्या बादलीत ठेवला. झाकणावर ओला फडका धरून ते हळूहळू सैल केलं, कारण आत दाब असतो आणि पहिला फवारा थेट तोंडावर येतो.

हातमोज्यांबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. साध्या नायट्राइलमधून मिथिलीन क्लोराइड काही मिनिटांत आरपार जातं. आत लॅमिनेटचे पातळ मोजे आणि त्यावर जाड नायट्राइल, अशी जोडी लागते. कापडी मास्कचा काही उपयोग नाही. ही वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, आणि शरीरात गेल्यावर तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो. बंद खोल्यांत, बाथरूममध्ये याने माणसं मेली आहेत. युरोपने किरकोळ ग्राहकांसाठी याची विक्री बंद केली त्याला दशकाहून जास्त काळ झाला. अमेरिकेने २०२४ मध्ये नियम आणखी आवळले. आपल्याकडे मिळतं, म्हणून जपून वापरायचं एवढंच. आसपास वेल्डिंग, शेगडी, विडी काहीही नको; तापलेल्या धातूवर या वाफेतून फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. ज्यांच्याकडे मोकळी जागा नाही त्यांनी बेंझिल अल्कोहोलवाला रिमूव्हर घ्यावा. तो रात्रभर ठेवावा लागतो, पण काम करतो.

लावायची पद्धत: डुकराच्या केसांचा ब्रश, जाड थर, एकाच दिशेने. परत ब्रश फिरवायचा नाही. रिमूव्हरमध्ये मेण असतं, ते वर साय धरतं आणि वाफ अडवतं. ब्रश पुन्हा फिरला की साय मोडते. वर पॉलिथीन चिकटवून वीस मिनिटं. मरूनच्या सुरकुत्या पाचव्या मिनिटालाच दिसतात, पण तेवढ्यात घाई केली तर फक्त वरचा थर निघतो. वीस मिनिटांनी मरून, सरफेसर आणि पांढरा हे तिन्ही लाकडी पट्टीने एका ओढीत गोळा झाले. निळ्याने मात्र दुसरा थर आणि पुन्हा अर्धा तास घेतला. दोन पॅनल आणि मडगार्ड मिळून दीड लिटर गेला. उरलेले ठिपके काथ्याच्या ब्रशने काढले. लोखंडी खरवडणीचा कोपरा पत्र्यावर जो ओरखडा पाडतो तो पुढे प्रायमरच्या दोन थरांतूनही दिसतो.

पॅनलच्या आतला फॅक्टरीचा रंग जागच्या जागी घट्ट आहे, कुठे फुगलेला नाही, गंज नाही. तो काढला नाही. फक्त २४० च्या पेपरने ओला घासून खडबडीत केला. भाजलेल्या इनॅमलइतकी पकड आपल्या आवारात लावलेल्या रंगाला येणं कठीण, मग तो काढून काय मिळवायचं?

सगळ्यात फसवी जागा पॅनलचा काठ. तिथे पत्रा दुमडून दाबलेला असतो आणि त्या घडीत रिमूव्हर केशाकर्षणाने शिरतो. बाहेरून कोरडा वाटतो. प्रायमर लावला की काही दिवसांनी काठापासून बोटभर अंतरावर रंग मऊ पडतो आणि फोड येतात. दोष मात्र पेंटरवर जातो. पॅनल पाण्याने आणि काथ्याच्या ब्रशने धुऊन, फडक्याने पुसून, काठ खाली करून दुपारच्या उन्हात उभे केले. पत्रा पन्नाशीच्या पुढे तापतो, आत अडकलेलं उकळून बाहेर येतं. अडीचच्या सुमारास डाव्या पॅनलच्या घडीतून मळकट तपकिरी थेंब ओळीने झिरपताना दिसले. पुसले, पुन्हा उभं केलं. टिपकागदाची पट्टी घडीवर दाबून ती कोरडी निघेपर्यंत हे चालू ठेवलं. इथे हॉट एअर गन वापरायची नाही, कारण फॉस्जिनचं वर लिहिलंच आहे.

मेणाचा अंश थिनरने पुसला, फडका दर पुसण्याला नवा. तोच फडका फिरवला तर मेण पसरतं आणि प्रायमरला फिश आय (गोल खळगे) पडतात. पाच वाजता इपॉक्सी प्रायमरचा पहिला हात. हवा गरम असल्याने थिनर मंद उडणारा घेतला, नाहीतर प्रायमर पत्र्यावर पोचेपर्यंतच सुकतो आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो.

१७ एप्रिल

ॲल्युमिनियमचा क्रेट.

इथे कॉस्टिकचा थेंबही नको. ॲल्युमिनियम त्यात उकळी फुटल्यासारखं विरघळतं, हायड्रोजन सुटतो, आणि काळं पडलेलं हेडसेट बाहेर येतं ज्याच्या आट्या (बोल्टचे पेच) गेलेल्या असतात. रिमूव्हरही अल्कलीवाला नाही ना, हे पीएच पट्टीने तपासून घेतलं.

हेडसेटच्या आतल्या कोपऱ्यांत रंग उरतो. तिथे पितळी ब्रश चालतो, लोखंडी नाही. लोखंडी तारेचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि नंतर रंगाखाली तपकिरी ठिपके उठतात. काचेच्या मण्यांच्या ब्लास्टिंगलाही हीच अट: ज्या कॅबिनेटमध्ये आधी स्टील ग्रिट चालवलं असेल तिथे हे भाग द्यायचे नाहीत. हब आणि ब्रेक प्लेट भोसरी एमआयडीसीत काचेच्या मण्यांवर ३५ पीएसआय दाबाने साफ करून घेतले. बेअरिंगच्या जागा आणि ब्रेक कॅमचं भोक रबरी बुचांनी बंद केलं होतं. परत आल्यावर त्याच दिवशी प्रायमर लावला, कारण ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच धरायला लागतो आणि पकड कमी होत जाते.

२२ एप्रिल

कॉस्टिकचं टाकं. लोखंडी पिंप आडवं कापून त्यात ४० लिटर पाणी, ३ किलो कॉस्टिक फ्लेक्स. पाण्यात कॉस्टिक टाकायचं, थोडं थोडं. कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा जस्ताची बादली या कामाला चालत नाही. तोंडावर पूर्ण शील्ड, पायात गमबूट. त्वचेला लागलं तर वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. लिंबू-व्हिनेगर लावत बसू नये. डोळ्यात गेलं तर पाणी मारत मारतच दवाखाना.

७० अंशांवर रिमचा इनॅमल दीड तासात चिखल होऊन सुटला. कॅरिअरला मधे कोणीतरी पीयू मारला होता, तो नुसता मऊ झाला. तेवढा रिमूव्हरने काढला. धुताना पीएच पट्टी साधं पाणी दाखवेपर्यंत थांबायचं नाही. शेवटी २ टक्के फॉस्फोरिक ॲसिडमध्ये बुचकळून पुन्हा गरम पाण्याने धुतलं. गरम पाणी अशासाठी की भाग स्वतःच्या उष्णतेनेच झटकन वाळतो.

चेसिससुद्धा अशा टाक्यात बुडवून देणारे आहेत. चेतकच्या बाबतीत आमचं उत्तर नाही असं आहे. ही मोनोकॉक बॉडी, म्हणजे वेगळा सांगाडा नाही, पत्राच भार घेतो. पत्र्यावर पत्रा ठेवून स्पॉट वेल्ड केलेले जोड अंगभर आहेत. त्या दोन पत्र्यांच्या मधे शिरलेलं कॉस्टिक कितीही धुतलं तरी पूर्ण निघत नाही. पावसाळ्यात ते दमट होतं, पांढरं फुलतं आणि जोडाच्या रेषेने रंग उचलतं. पॅनलच्या घडीतला रिमूव्हर उन्हाने उडतो, कॉस्टिक उडत नाही.

३ मे

चेसिस, हाताने. शोच्या सपाट भागाला जेलवाला रिमूव्हर, पॉलिथीन चिकटवून. जोडांपासून चार बोटं आधीच थांबायचं आणि पुढचं डिस्कने. डिस्क म्हणजे काळी जाळीदार स्ट्रिपिंग डिस्क, फ्लॅप डिस्क नाही. फ्लॅप डिस्क रंगासोबत पत्राही खाते, आणि हा पत्रा फार तर दीड मिलिमीटरचा. वेग चार-पाच हजार फेऱ्या. साध्या ग्राइंडरच्या अकरा हजारावर पत्रा तापतो, रंग वितळून डिस्कमध्ये भरतो. हात ठेवता येत नाही इतका पत्रा तापला तर तिथून हटायचं. कप ब्रशही टाळला. तो गंज काढत नाही, घासून चकचकीत करतो, आणि चकचकीत पत्र्यावर प्रायमर धरत नाही.

फ्लोअरवरच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांचे रिव्हेट ड्रिल करून पट्ट्या उचलल्या. वरून रंग अगदी व्यवस्थित होता. खाली प्रत्येक रिव्हेटच्या भोकाभोवती गंजाचं कडं, आतल्या बाजूला पांढरी भुकटी. दोन वेगळे धातू आणि मधे साचलेलं पाणी, तिथे हे व्हायचंच. मूळ चार मिलिमीटरची भोकं ब्रेक पेडलच्या बाजूला आठापर्यंत खाल्ली गेली आहेत. ती वेल्डने भरून नव्याने पाडावी लागतील.

खडूने आखलेली लांबीही उघडली. रिमूव्हरने ती च्युइंगमसारखी चिकट होते, सुटत नाही. कोरडी ठेवून धारदार पट्टीने कापत काढली. सात मिलिमीटर थर. खाली पोचा होता, तो मागून न काढता नुसता भरला होता. पत्रा मात्र शाबूत. लांबी पाणी शोषते, त्यामुळे तिच्याखाली सहसा गंज सापडतो, इथे नशीब.

चेसिस क्रमांकाच्या ठशांवर डिस्क नाही, ब्लास्टिंग नाही. रिमूव्हर आणि पितळी ब्रशने अंक मोकळे केले. नोंदणीच्या नूतनीकरणाला आरटीओत पेन्सिलने छाप घेतात; अंक पुसट असला की गाडी चोरीची असल्याचा संशय पहिला. मूळ निळ्याऐवजी दुसरा रंग देणार असाल तर आरसीवरची नोंदही बदलून घ्यावी लागते.

९ मे

ब्लास्टिंग: फोर्क, फ्लोअरची खालची बाजू, मागच्या चाकाची कमान. शोचा सपाट भाग आणि पॅनल ब्लास्टिंगला नाहीत, कुणी कितीही खात्री दिली तरी. पत्रा वाकतो तो उष्णतेने असं म्हणतात. खरं कारण वेगळं आहे. प्रत्येक कण पृष्ठभागावर हातोडीचा सूक्ष्म घाव घालतो, त्या बाजूचा पत्रा ताणला जातो आणि मारलेल्या बाजूला फुगून येतो. असा फुगवटा डेंटरलाही नीट बसवता येत नाही.

काम देताना लिहून दिलं: गार्नेट (कठीण खनिजाचे कण) ८० मेश, ५० पीएसआयच्या आत, नोझल फूटभर लांब आणि तिरका. नदीची वाळू चालणार नाही. तिच्या सिलिकाच्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस होतो. स्टिअरिंगच्या बेअरिंगच्या वाट्या, आट्या आणि केबलची नळी बंद करून दिली. आट्यांत जुने बोल्टच घातले. मास्किंग टेप ब्लास्टिंगपुढे दोन मिनिटं टिकत नाही, म्हणून क्रमांकावर रबरी शीट बांधली.

अशा ठिकाणी बऱ्याचदा परत देताना फुकटात रेड ऑक्साइड प्रायमर मारून देतात. नको म्हणून आधीच सांगावं. तो साधा अल्किड असतो. त्यावर पीयूचा थिनर पडला की तो खालून सुरकुततो आणि सगळं पुन्हा पत्र्यापर्यंत आणावं लागतं. आपलं इपॉक्सी प्रायमर सोबत नेलं आणि तिथेच मारून घेतलं. त्याआधी चेसिस उलटसुलट करून रबरी हातोडीने ठोकलं. केबलच्या नळीचं बूच घट्ट असूनही बोगद्यातून मूठभर गार्नेट निघालं. ते राहिलं असतं तर क्लचच्या केबलला आतून कानस लागल्यासारखं झालं असतं.

२१ मे

शोच्या पोच्याचं डेंटिंग आणि फ्लोअरचं वेल्डिंग झालं. वेल्डभोवतीचा उघडा पत्रा प्रायमरसाठी तयार, पण पाऊस सुरू आहे. सकाळी हवा २७ अंश, आर्द्रता ८५ टक्के; म्हणजे दवबिंदू २४ च्या जरा वर. धातू दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा, आणि रात्रभर गार झालेलं चेसिस २५ वर होतं. अशा पत्र्यावर न दिसणारं दव धरलेलं असू शकतं, प्रायमर त्यावर बसतो आणि महिन्याभराने सोलून निघतो. एप्रिलमध्ये ३८ अंश आणि १५ टक्क्यांना दवबिंदू ७ च्या आसपास होता, तेव्हा हा प्रश्नच नव्हता.

दोन हॅलोजन दिवे लावून चेसिस ३२ पर्यंत आणलं. वेल्डजवळ उठलेला कोवळा पिवळा गंज फॉस्फोरिकच्या फडक्याने काढला, पाण्याने पुसला, लगेच कोरडा केला. ॲसिड तसंच ठेवून वर इपॉक्सी मारलं तर हार्डनर नीट पकडत नाही. मुख्य गोष्ट म्हणजे धुणं. मग प्रायमर.

२६ मे

मोसमी पाऊस पुण्यात आजच पोचला. उघडा पत्रा आता कुठेही शिल्लक नाही.

कचरा: रिमूव्हरचा गाळ लोखंडी डब्यात झाकण लावून, कॉस्टिकचा चिखल वेगळा. कॉस्टिकचं पाणी सौम्य ॲसिडने पीएच ७ ते ८ वर आणून गाळ खाली बसू दिला. गटारात किंवा झाडाखाली काहीच ओतलेलं नाही, त्यात शिसं आहे. ज्या कोटिंगवाल्याचं रांजणगावच्या घातक कचरा सुविधेशी खातं आहे त्याच्या पिंपात सगळं पाठवायचं ठरलं. वापरलेले फडके पाण्याच्या बादलीत. थिनर आणि रंगाचे फडके कोपऱ्यात ढीग करून ठेवले की आगीचं निमित्त होतं.

बाकी: फ्लोअर आणि शोच्या जोडावर सीम सीलर (जोड बुजवणारा लेप), इपॉक्सीच्या रिकोटच्या (पुढचा थर चढवायच्या) मुदतीत. मुदत टळली तर ३२० च्या पेपरने ओला घासून मगच.